बंद ॲम्प्लिफायरमधील वीज

जुना ॲम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्याचे लक्ष स्वाभाविकपणे आवाजाकडे असते. घरघर थांबली, सूर स्वच्छ आला आणि दोन्ही स्पीकर सारखे वाजू लागले की काम फत्ते झाले असे समजून झाकण बसवले जाते. वस्तुतः आवाज परत येणे आणि यंत्र सुरक्षित होणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि पहिली साधली म्हणून दुसरी साधलीच असे होत नाही. ज्या यंत्राच्या चॅसिसमध्ये, म्हणजे सुटे भाग ज्यावर बसवलेले असतात त्या धातूच्या सांगाड्यात, वीज उतरलेली आहे ते यंत्रही उत्तम वाजू शकते. घरच्या घरी होणाऱ्या दुरुस्तीत दोन माणसांचा जीव गुंतलेला असतो : एक यंत्र उघडणाऱ्याचा, आणि दुसरा ते नंतर वापरणाऱ्याचा. पहिल्याने धोका स्वतःहून पत्करलेला असतो, दुसऱ्याला तो आहे हेच ठाऊक नसते, आणि कायद्याच्या दृष्टीने सारा फरक येथेच पडतो.

दुसऱ्या महायुद्धानंतरची दोन दशके व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरच्या रचनेसाठी विशेष फलदायी ठरली. डी. टी. एन. विल्यमसन यांनी १९४७ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केलेला आराखडा अनेक देशांतील हौशी मंडळींनी घरी बांधला. पुढे १९५३ मध्ये ‘क्वाड टू’, १९५४ मध्ये मुलार्डचा ‘फाइव्ह-टेन’ आणि १९५९ मध्ये अमेरिकेतील डायनाकोचा ‘स्टीरिओ सेव्हन्टी’ आला. यांपैकी काही यंत्रे हौशी माणसाने घरच्या टेबलावर डाख लावून जोडावीत अशाच हेतूने आखली किंवा विकली गेली होती, आणि म्हणून ती आजही घरी सहज दुरुस्त करता येतील अशी समजूत रूढ आहे. या समजुतीत एक महत्त्वाची गोष्ट निसटते. त्या वेळच्या जोडणाऱ्याच्या हातात नवे ट्रान्सफॉर्मर, नव्या तारा आणि नवे कपॅसिटर होते. आजच्या दुरुस्ती करणाऱ्यापुढे साठ-सत्तर वर्षे तापून आणि थंड होऊन ठिसूळ झालेले रबर, ओल धरलेला कागद आणि अधल्यामधल्या मालकांनी केलेले अनोळखी फेरफार असतात. महाराष्ट्रात अशी यंत्रे देवळे, शाळा आणि भजनी मंडळांच्या अडगळीतून, जुन्या रेडिओग्राममधून, मुंबईच्या चोरबाजारातून किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातून, तसेच परदेशातून परतणाऱ्या कुटुंबांच्या सामानातून हाती येतात. सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत शोधले तर मिळतात, परंतु यंत्राचा पूर्वेतिहास कुठल्याच दुकानात मिळत नाही.

व्हॉल्व्हच्या आत तापलेल्या कॅथोडपासून निघालेले इलेक्ट्रॉन ॲनोडकडे, म्हणजे धन पट्टीकडे, ओढून घेण्यासाठी मोठा विद्युतदाब लागतो. भारतातील घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा आहे. मेन्स ट्रान्सफॉर्मर तो चढवतो, रेक्टिफायर त्याचे एकदिश प्रवाहात रूपांतर करतो आणि कपॅसिटर त्यातील चढउतार गुळगुळीत करतात. या उच्चदाबाच्या ओळीला कारागीर ‘एचटी’ म्हणतात. घरगुती व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरमध्ये ती साधारणपणे ३०० ते ५०० व्होल्टची असते, आणि ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यावर ३५०-०-३५० असा आकडा छापलेला असेल तर त्याच्या दोन टोकांमध्ये ७०० व्होल्ट नांदत असतात. ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या नंतरच्या ॲम्प्लिफायरमध्ये दाब कमी असतो, पण कपॅसिटर फार मोठे असतात. तेथे शॉकपेक्षा भाजण्याचा धोका अधिक, कारण बोटातील अंगठी किंवा मनगटावरील धातूचा पट्टा दोन टोकांमध्ये अडकला तर तो क्षणात लालभडक होऊ शकतो.

माणसाच्या जिवावर बेतते ते दाबाने नव्हे, तर त्या दाबाने शरीरातून वाहणाऱ्या प्रवाहाने. सुमारे एक मिलिअँपिअर प्रवाह मुंग्या आल्यासारखा जाणवतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील चार्ल्स डॅल्झिएल यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास स्वयंसेवकांवर जे प्रयोग केले, त्यांत हातातील तार स्वतःहून सोडता येण्याची मर्यादा पुरुषांमध्ये सरासरी १६ आणि स्त्रियांमध्ये सरासरी साडेदहा मिलिअँपिअर आढळली. त्यापलीकडे स्नायू इतके आवळले जातात की माणूस तारेला चिकटून राहतो. याच्या काही पट मोठा घरगुती वारंवारितेचा प्रवाह छातीतून वाहत राहिला तर हृदयाचे ठोके विस्कळीत होऊन ते रक्त पुढे ढकलू शकत नाही. कोरडी त्वचा बराच विरोध करते हे खरे; परंतु काहीशे व्होल्टांपुढे त्वचेचा हा अडसर कोसळतो आणि एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंतच्या मार्गाचा विरोध सुमारे एक हजार ओहमवर येतो. ४५० व्होल्टच्या एचटीला एका हाताचा आणि चॅसिसला दुसऱ्या हाताचा स्पर्श झाला, तर हिशेबाने ४५० मिलिअँपिअर प्रवाह थेट छातीतून जाण्याची वेळ येते. चालू यंत्रावर मोजमाप करताना डावा हात खिशात ठेवण्याचा जुन्या रेडिओ कारागिरांचा दंडक याच हिशेबावर उभा आहे.

यंत्र बंद करून प्लग काढला की धोका संपला, हा या विषयातील सर्वांत घातक गैरसमज होय. एचटीच्या ओळीवरील कपॅसिटर, ज्यांना जुनी मंडळी अजूनही कंडेन्सर म्हणतात, ते प्रवाह गुळगुळीत करण्यासाठी विद्युतभार साठवतात आणि पुरवठा तुटल्यावर तो स्वतःजवळ ठेवून देतात. ३२ अधिक ३२ मायक्रोफॅरडचा जुन्या पद्धतीचा जोडकपॅसिटर ४५० व्होल्टपर्यंत भरलेला असेल, तर त्यात सुमारे साडेसहा जूल ऊर्जा असते. चांगल्या रचनेत ती जिरवण्यासाठी कपॅसिटरच्या दोन टोकांमध्ये ‘ब्लीडर’ नावाचा रेझिस्टर कायमचा जोडलेला असतो. तो २२० किलोओहमचा असेल तर वरील कपॅसिटर साधारण ७० सेकंदांत तीन व्होल्टवर उतरतो. तथापि अनेक जुन्या यंत्रांत हा रेझिस्टर मुळातच नसतो, आणि असला तरी तो आतून तुटलेला असू शकतो. एरवी यंत्र बंद केल्यावर तापलेले व्हॉल्व्ह काही क्षण प्रवाह वाहून नेतात आणि भार बराचसा जिरवून टाकतात. म्हणून कित्येकांना वर्षानुवर्षे काही होत नाही. मात्र दोष शोधण्यासाठी व्हॉल्व्ह काढून ठेवले, यंत्र क्षणभर चालू करून दाब मोजला आणि पुन्हा बंद केले, तर भार जिरवणारे कोणीच उरत नाही, आणि कपॅसिटर कित्येक तास भरलेला राहू शकतो. दुरुस्तीच्या टेबलावरील ॲम्प्लिफायर दिवाणखान्यातील ॲम्प्लिफायरपेक्षा धोकादायक असतो तो यामुळे.

भार उतरवण्याची रीत साधी आहे; ती प्रत्येक वेळी, न कंटाळता पाळावी लागते एवढेच. प्रथम प्लग सॉकेटमधून पूर्ण बाहेर काढून नजरेसमोर ठेवावा, कारण यंत्रावरचे बटण फेजऐवजी न्यूट्रल तोडत असण्याची शक्यता असते. काही मिनिटे थांबल्यावर ४.७ किलोओहमचा, दहा वॉटचा रेझिस्टर घ्यावा, ज्याच्या दोन्ही टोकांना इन्सुलेशन असलेल्या तारा आणि झाकलेल्या चिमट्या डाखलेल्या आहेत. त्याची एक चिमटी आधी चॅसिसला लावावी आणि मग दुसरी, एकाच हाताने, कपॅसिटरच्या धन टोकाला लावावी. दोन-तीन सेकंदांत भार उतरतो, परंतु त्यावर विश्वास न ठेवता किमान ६०० व्होल्टची क्षमता असलेल्या मल्टिमीटरने तो खरोखर उतरल्याची खात्री करावी, आणि मीटर शून्य दाखवतो तो बिघडल्यामुळे नव्हे, हे आधी एखाद्या ज्ञात दाबावर तपासून घ्यावे. एचटीच्या ओळीवर रेझिस्टरांनी विभागलेले तीन-चार कपॅसिटर असतात. प्रत्येक स्वतंत्रपणे मोजावा. एकदा रिकामा झालेला कपॅसिटर काही वेळाने आतील पदार्थात मुरलेल्या भारामुळे पुन्हा थोडासा भरतो, म्हणून काम चालू असेपर्यंत चिमटी काढू नये. पेचकसाने टोके जोडून ठिणगी पाडण्याची पद्धत सर्रास दिसते आणि ती पूर्णपणे टाकाऊ आहे : तीत वितळलेल्या धातूचे कण डोळ्यांत जाऊ शकतात आणि कपॅसिटरच्या आतील जोडही सुटू शकतो.

संरक्षक साधनांबद्दलही काही घट्ट समज दूर करणे आवश्यक आहे. घरात आरसीसीबी, म्हणजे फेज आणि न्यूट्रलमधील प्रवाहाचा फरक ३० मिलिअँपिअरवर जाताच पुरवठा तोडणारे उपकरण, बसवलेले असणे अत्यंत इष्ट आहे. पण ते फक्त मेन्सच्या बाजूची गळती ओळखते. एचटीची वेटोळी मेन्सपासून विलग असल्याने एचटी आणि चॅसिस यांमध्ये अडकलेल्या माणसातून जाणारा प्रवाह आरसीसीबीला दिसतच नाही, आणि ते शांतपणे चालू राहते. व्हेरिअ‍ॅक, म्हणजे दाब शून्यापासून हळूहळू वाढवणारे फिरत्या मुठीचे उपकरण, हेही विलगीकरण करत नाही, कारण त्यात एकच वेटोळे असते आणि बाहेर येणारी वीज थेट मेन्सशी जोडलेली असते. विलगीकरणासाठी दोन स्वतंत्र वेटोळ्यांचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच लागतो, आणि तो वापरला की त्याच्या पलीकडे आरसीसीबीचे संरक्षण उरत नाही, हेही जाणून असावे लागते. या साऱ्यांत सर्वांत स्वस्त आणि खरोखर उपयोगी साधन म्हणजे सिरीज बोर्ड : यंत्राच्या मालिकेत जोडलेला ६० किंवा १०० वॉटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि यंत्र वाचते. नसेल तर तो क्षणभर उजळून मंदावतो. एलईडी दिवा या कामाला चालत नाही. सिरीज बोर्ड यंत्राचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे, कारण घातक ठरण्याइतका प्रवाह त्यातून सहज जाऊ शकतो.

शॉकच्या खालोखाल भय आगीचे. एका टप्प्यावरील आवाजाचा संकेत पुढील टप्प्याकडे नेणारा आणि एचटी मात्र अडवून ठेवणारा जो कागदी कपॅसिटर असतो, तो जुना झाला की गळू लागतो. गळतीमुळे पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर, म्हणजे प्रवाहाला लगाम घालणाऱ्या जाळीवर, नको असलेला धन दाब येतो. लगाम सैल पडताच व्हॉल्व्हमधून बेसुमार प्रवाह वाहतो, त्याची ॲनोड पट्टी अंधारात लालसर दिसू लागते, आणि तोच प्रवाह पुरवावा लागल्याने मेन्स ट्रान्सफॉर्मर तापत जातो. या अवस्थेतही ॲम्प्लिफायर वाजतोच, थोडासा फाटका आवाज एवढाच फरक. अशा वेळी फ्यूजने वितळायला हवे. परंतु वारंवार उडणाऱ्या फ्यूजच्या जागी जाड तांब्याची तार गुंडाळून ठेवलेली जुनी यंत्रे दुर्मीळ नाहीत, आणि मग ट्रान्सफॉर्मरमधील मेण व कागद स्वतःच फ्यूजचे काम करतात. मूळ आकड्याचा आणि मूळ प्रकारचा फ्यूज लावणे, तसेच असे कागदी कपॅसिटर ते चालत असले तरी बदलून टाकणे, ही दोन कामे आवाजाच्या सुधारणेपूर्वीची आहेत. मौलिकता जपण्याचा संग्राहकांचा आग्रह रास्त आहे. तो खोक्याला, बटणांना आणि ट्रान्सफॉर्मरला लागू करावा, गळणाऱ्या कपॅसिटरला नव्हे.

अर्थिंगचा प्रश्न मात्र यंत्र उघडणाऱ्यापेक्षा ते वापरणाऱ्याच्या जिवाशी निगडित आहे आणि म्हणून तो अधिक गंभीर आहे. चॅसिसला तिसऱ्या तारेने जमिनीशी जोडलेले असेल, तर मेन्सची तार चॅसिसला टेकताच मोठा प्रवाह वाहून फ्यूज उडतो आणि दोष आपोआप उघड होतो. तिसरी तार नसेल तर चॅसिस मुकाट्याने २३० व्होल्टवर जाऊन बसते आणि जमिनीवर उभ्या असलेल्या पहिल्या माणसाची वाट पाहते. अनेक जुनी यंत्रे दोन पिनांच्या प्लगची आहेत. त्याहून खेदाची बाब अशी की तीन पिनांची यंत्रेही जाणूनबुजून अर्थिंगविना केली जातात. दोन उपकरणे दोन वेगळ्या मार्गांनी जमिनीशी जोडली गेली की त्यांच्यामधील वळशातून सूक्ष्म प्रवाह वाहतो आणि स्पीकरमधून ५० हर्ट्‌झची घरघर येते. ती घालवण्याचा सर्वांत झटपट उपाय म्हणजे प्लगमधील अर्थची तार कापणे. घरघर जाते, आवाज सुधारल्याचे समाधान मिळते, आणि यंत्राची एकमेव सुरक्षितता नाहीशी होते. या घरघरीवर संकेताच्या तारेचे आवरण एका टोकाला सोडणे किंवा संकेताच्या मार्गात विलग करणारा छोटा ट्रान्सफॉर्मर घालणे असे निर्धोक उपाय उपलब्ध आहेत. मेन्सची अर्थ कापणे हा उपाय कधीच नव्हे.

माइकच्या तारेचे धातूचे आवरण थेट चॅसिसला जोडलेले असते, आणि ते आवरण माइकच्या धातूच्या दांड्यापर्यंत पोहोचलेले असते. त्यामुळे चॅसिसमध्ये उतरलेली वीज ओठांपाशी धरलेल्या माइकपर्यंत जाते. ‘स्टोन द क्रोज’ या स्कॉटिश वाद्यवृंदाचे गिटारवादक लेस हार्वे यांचा ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे रंगमंचावरच, योग्य अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून मृत्यू झाला. महाराष्ट्रातील चित्र यापेक्षा सुरक्षित मानण्याचे कारण नाही. गणेशोत्सव पावसाळ्यात येतो, मांडवाखालची जमीन ओली असते, भजनी मंडळातील माणसे अनवाणी बसतात, आणि एका हातात टाळ तर दुसरा हात माइकच्या दांड्यावर असतो. शिवाय सार्वजनिक ध्वनिव्यवस्थेच्या ॲम्प्लिफायरमध्ये लांबवरच्या कर्ण्यांसाठी १०० व्होल्टची वेगळी जोडणी असते, त्यामुळे पूर्ण आवाजात स्पीकरच्या स्क्रूवरही शॉक बसण्याइतका दाब असतो.

दोन प्रकारच्या यंत्रांचा येथे स्वतंत्र उल्लेख हवा. एके काळी काही शहरांत घरोघरी एकदिश प्रवाहाचा पुरवठा होता, आणि एकदिश व प्रत्यावर्ती अशा दोन्ही पुरवठ्यांवर चालावीत म्हणून मेन्स ट्रान्सफॉर्मर नसलेली यंत्रे बनवली गेली; त्यांत चॅसिस थेट मेन्सच्या एका तारेला जोडलेले असते. प्लग उलटा बसला किंवा भिंतीतील फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झालेली असली, की सारे चॅसिस जिवंत होते. अशा यंत्राला साधी अर्थ जोडून चालत नाही, आणि त्यावर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरविना हात घालणे नवशिक्याने टाळावे. दुसरा प्रकार अमेरिकेतून आणलेल्या सुमारे ११७ व्होल्टच्या यंत्रांचा. बाजारात मिळणारे स्वस्त दाब-उतरक बहुधा एकाच वेटोळ्याचे असल्याने ते विलगीकरण करत नाहीत, आणि ६० हर्ट्‌झसाठी आखलेला ट्रान्सफॉर्मर येथील ५० हर्ट्‌झवर अधिक तापतो. त्या काळातील अमेरिकन गिटार ॲम्प्लिफायरांत मेन्सची एक तार आणि चॅसिस यांमध्ये एक कपॅसिटर जोडलेला असे. तो शॉर्ट झाला की चॅसिसवर मेन्स येत असल्याने तेथील कारागीर त्याला मृत्यूचा कपॅसिटर म्हणतात. तो काढून तीन तारांची केबल बसवणे हेच योग्य. अशा जागी कपॅसिटर हवाच असेल तर बिघडताना शॉर्ट न होता तुटणारा, ‘वाय’ वर्गाचाच वापरावा.

विषारी द्रव्यांबद्दल थोडक्यात. काही जुन्या तेलभरल्या कपॅसिटरांत पीसीबी ही दीर्घकाळ टिकणारी घातक रसायने असतात, सेलेनियमचे रेक्टिफायर जळाले तर त्यांचा धूर विषारी असतो, आणि काही यंत्रांत उष्णता अडवायला ॲस्बेस्टॉसचा कागद लावलेला असतो. फुटलेला तेलकट कपॅसिटर उघड्या हाताने धरू नये, जुना उष्णतारोधक कागद खरवडू नये, आणि डाखकाम हवेशीर जागी करावे.

आता दायित्वाकडे वळता येईल. स्वतःचे यंत्र स्वतः उघडून स्वतःलाच इजा करून घेणाऱ्याला सहसा दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवता येत नाही. भारताच्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्येही, इजा झाली त्या वेळी वस्तूचा गैरवापर किंवा तिच्यात फेरफार झालेला असेल तर विक्रेत्याविरुद्ध उत्पादन-दायित्वाचा दावा करता येत नाही, अशी कलम ८७ मध्ये तरतूद आहे. परंतु यंत्र दुसऱ्याच्या हाती गेले की दुरुस्ती करणारा स्वतः प्रतिवादीच्या जागी येतो, आणि त्याच्याकडून कोणत्या दर्जाच्या काळजीची अपेक्षा करायची हा प्रश्न उभा राहतो.

या प्रश्नावर इंग्लंडच्या अपील न्यायालयाचा १९५८ सालचा ‘वेल्स विरुद्ध कूपर’ हा निवाडा विशेष उद्बोधक आहे. एका घरमालकाने मागच्या दाराला स्वतः मूठ बसवली होती. मासे पोहोचवायला आलेल्या माणसाने वाऱ्यामुळे दार जोराने ओढले, मूठ निखळून हातात आली आणि तो पडून जखमी झाला. न्यायालयाने ठरवले की घरमालकाकडून व्यावसायिक सुताराच्या नव्हे, पण असे किरकोळ काम करणाऱ्या सक्षम माणसाच्या कौशल्याची अपेक्षा आहे. त्याचे स्वतःचे कौशल्य त्याहून कमी होते ही सबब चालणार नाही. या कसोटीवर घरमालक निर्दोष ठरला. मात्र त्याच निवाड्यात न्यायालयाने हेही स्पष्ट केले की काही कामे इतकी विशेष ज्ञानाची आणि चुकल्यास इतकी धोक्याची असतात की ती तज्ज्ञाकडे न सोपवता स्वतः हाती घेणे हाच निष्काळजीपणा ठरू शकतो. इंग्लंडचे निवाडे भारतीय न्यायालयांवर बंधनकारक नाहीत, पण अपकृत्याच्या, म्हणजे कराराबाहेरील नुकसानभरपाईच्या, कायद्यात त्यांचा आधार घेतला जातो. आणि ४५० व्होल्टची एचटी व मेन्सला जोडलेले चॅसिस ही दाराच्या मुठीपेक्षा दुसऱ्या वर्गात मोडण्याचीच शक्यता अधिक.

पैसे घेऊन दुरुस्ती करणे हा धंदा झाला की ग्राहक कायद्याची पकड घट्ट होते. या कायद्यातील विक्रेत्याच्या व्याख्येत धंद्याच्या ओघात वस्तू दुरुस्त करणारा आणि तिची देखभाल करणारा यांचाही समावेश आहे, आणि कलम ८५ नुसार सदोष सेवा, निष्काळजीपणा किंवा आवश्यक सूचना व इशारे न देणे यांतून इजा झाली तर सेवा पुरवणारा भरपाई देण्यास जबाबदार ठरतो. जुनी यंत्रे नीट करून विकणाऱ्यांनी कलम ८६ लक्षपूर्वक वाचावे. विक्रेत्याने वस्तूत बदल केला आणि तोच बदल इजेचे मुख्य कारण ठरला तर दायित्व त्याचे. इतकेच नव्हे, तर मूळ उत्पादक अज्ञात असेल किंवा त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल तरीही दायित्व विक्रेत्यावर येऊ शकते. साठ वर्षांपूर्वी बंद पडलेल्या परदेशी कारखान्याचा ॲम्प्लिफायर विकणारा व्यावसायिक म्हणूनच जवळजवळ उत्पादकाच्या जागी उभा असतो. फुकट केलेली दुरुस्ती या कायद्यातील सेवेच्या व्याख्येत बसत नाही. पण म्हणून मित्रासाठी केलेल्या कामाला कायदा लागूच नाही असा निष्कर्ष चुकीचा ठरेल, कारण निष्काळजीपणाबद्दलचा दिवाणी दावा मोबदल्यावर अवलंबून नसतो.

यंत्र उसने देण्याचा प्रसंग फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १५० प्रमाणे, एखादी वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देणाऱ्याने तिच्यातील स्वतःला ठाऊक असलेले आणि घेणाऱ्याला असाधारण धोक्यात टाकणारे दोष सांगितलेच पाहिजेत. वस्तू भाड्याने दिली असेल तर दोष ठाऊक नसले तरीही देणारा जबाबदार असतो. हरिनाम सप्ताहासाठी ॲम्प्लिफायर विनामूल्य देणाऱ्या हौशी माणसाला ‘अर्थ जोडलेली नाही’ हे माहीत असेल आणि त्याने ते सांगितले नसेल, तर चांगुलपणा हा त्याचा बचाव होत नाही. मृत्यू ओढवल्यास बाब फौजदारी होऊ शकते : १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यूस कारण होण्यासाठी पाच वर्षांपर्यंतच्या कारावासाची शिक्षा आहे. फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा दिवाणी दाव्यापेक्षा अधिक ठळक असावा लागतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यात डॉक्टरांच्या संदर्भात मांडले आहे. परंतु अर्थची तार मुद्दाम कापलेली सापडली तर तो निष्काळजीपणा ठळक नाही असे म्हणणे कठीण जाईल. ‘जसे आहे तसे, स्वतःच्या जबाबदारीवर’ असा कागद लिहून घेतल्याने घेणाऱ्याशी झालेल्या करारात काही उपयोग झाला तरी, ज्याने तो कागद पाहिलेलाच नाही त्या गायकाला किंवा घरातील मुलाला तो बांधून ठेवत नाही.

म्हणून दुरुस्तीनंतर दोन मोजमापे घेतल्याशिवाय कोणतेही यंत्र दुसऱ्याच्या हाती देऊ नये. पहिले, प्लगच्या अर्थ पिनेपासून चॅसिसच्या उघड्या धातूपर्यंतचा विरोध, जो एका ओहमहून बराच कमी असावा. दुसरे, प्लगच्या फेज व न्यूट्रल पिना एकत्र जोडून, यंत्राचे बटण चालू ठेवून, ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासण्याच्या मीटरने, मोजलेला त्या पिना आणि चॅसिस यांमधील इन्सुलेशनचा विरोध, जो एका मेगओहमहून कमी असेल तर यंत्र मेन्सला लावू नये. हे आकडे, तारीख, बदललेले भाग आणि आतील छायाचित्रे नोंदवून एक प्रत यंत्रासोबत द्यावी. अशी नोंद न्यायालयात उपयोगी पडू शकते हे खरे, पण तिचा मोठा उपयोग पुढच्या दुरुस्ती करणाऱ्याला होतो, ज्याला आज मिळत नसलेला पूर्वेतिहास त्यामुळे मिळेल. ज्याचा मेन्स ट्रान्सफॉर्मर दुसऱ्या चाचणीत उतरत नाही आणि बदलूनही मिळत नाही, त्या ॲम्प्लिफायरची वायर मुळापासून काढून टाकावी आणि तो शोभेपुरता ठेवावा.

ज्यांच्याजवळ योग्य मीटर आणि भार उतरवण्याचा रेझिस्टर नाही, अथवा काम चालू असताना मेन स्विच कुठे आहे हे ठाऊक असलेले आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करू शकेल असे दुसरे माणूस घरात नाही, त्यांनी झाकणाचे स्क्रू काढू नयेत. यंत्र जाणकार कारागिराकडे न्यावे, वरील दोन चाचण्यांचे वेगळे पैसे आनंदाने द्यावेत, आणि त्यांचे आकडे त्याच्याकडून लेखी मागून घ्यावेत.